लिस्बनच्या भाषाशाळेच्या शनिवारच्या ट्रिप्स: पैसे भरायच्या आधी हे वाचा

मी अलिबागजवळच्या चौलची. गेल्या सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत लिस्बनला पोर्तुगीज शिकायला होते, त्याआधी पणजीत वर्षभर थोडंफार शिकून झालं होतं. घरी परत आल्यापासून निदान चार जणांनी एकच प्रश्न विचारलाय, की अ‍ॅडमिशन घेताना शाळा ते जे वीकेंड ट्रिप्सचं पॅकेज पुढे करते ते घ्यावं की नाही. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा इथे नीट लिहून टाकते. शाळेचं नाव लिहीत नाहीये, कारण नुसत्या एका शाळेचा प्रश्न नाहीये हा, माझ्याबरोबरच्या दुसऱ्या शाळांतल्या मुलामुलींचे पण अनुभव साधारण असेच होते.

पॅकेज असं होतं. सहा शनिवार, सहा ट्रिप्स, २९० युरो, म्हणजे आपले सव्वीस हजारांच्या वर गेले. बाबांनी हे पैसे सुपारीच्या पैशातून काढून दिले होते आणि ते मला चांगलंच लक्षात होतं, त्यामुळे मी पहिल्या ट्रिपपासून एक वही केली. आज काय बघितलं, किती खर्च झाला, आणि आज पोर्तुगीजमध्ये स्वतःहून किती वाक्यं बोलले. शेवटचा रकाना मुद्दाम ठेवला होता, कारण मी टुरिस्ट म्हणून गेलेच नव्हते ना, भाषेसाठी गेले होते, मग ट्रिप चांगली की वाईट हे त्यावरच ठरायला हवं. हा रिव्ह्यू त्या वहीवरूनच लिहितेय.

पहिली ट्रिप बेलें. तेझु नदीच्या काठाने जायचं, झेरोनिमुशचा मठ, मग दर्यावर्दींचं ते मोठं "शोधांचं स्मारक", मग बेलेंचा बुरुज, मग कस्टर्डचे ते प्रसिद्ध टार्ट. बेलेंच्या ज्या दुकानात १८३७ पासून ते बनवतात तिथलेच खा, गरम असतात, वर दालचिनी भुरभुरून घ्या. पण गाइड! गाइड पूर्ण वेळ इंग्लिशमध्ये बोलत होता. आम्ही तीसएक जण, सगळेच भाषेचे विद्यार्थी, आणि चार तासांत पोर्तुगीज कानावर पडलं ते टार्टच्या दुकानात ऑर्डर देताना. मी त्याला दोनदा सांगितलं की हळू बोललात तर आम्हाला समजेल, तर म्हणाला ग्रुपमध्ये सगळ्या लेव्हलचे लोक आहेत. वहीत त्या दिवशी तीन वाक्यं.

पण बेलेंबद्दल मला वेगळंच काही सांगायचंय, कारण आपल्या किनाऱ्याचा माणूस तिथे गेला की त्याला जे दिसतं ते गाइड सांगणार नाही. स्मारकाच्या समोर जमिनीवर संगमरवराचं एक प्रचंड दिशाचक्र आहे, ५० मीटर व्यासाचं, मधोमध जगाचा नकाशा, आणि पोर्तुगीज जहाजं कुठे कधी पोचली ते त्यावर कोरलंय. सगळे आपापला देश शोधून त्यावर उभे राहून फोटो काढत होते. मी पण हिंदुस्थान शोधला आणि उभी राहिले. अख्खी कोकणपट्टी माझ्या बुटाखाली मावत होती, चौल, रेवदंडा, कोर्लई, वसई, सगळं एका चपट्या दगडात. वर स्मारकावर पुतळ्यांची रांग, त्यात वास्को द गामा आहे आणि गोवा जिंकणारा अफोन्सु द आल्बुकेर्क पण आहे, ज्याच्या नावावरून आपल्या हापूसला नाव पडलं असं मानतात तो. त्याच्याकडे बघत मी बराच वेळ उभी होते. माझ्या गावच्या आंब्याचं नाव आणि हा दगडातला दाढीवाला माणूस, दोन्ही एकाच वेळी डोक्यात मावेना.

मग बुरुज. गाइडने सांगितलं १५१९ ला पूर्ण झाला, नदीच्या तोंडाचं रक्षण करायला बांधला, चला आत. मी बाहेरच थांबले कारण मला गेंडा बघायचा होता. बुरुजाच्या एका कोपऱ्यातल्या टेहळणी चौकीखाली दगडात गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे, आता झिजून गेलंय, दाखवल्याशिवाय दिसणार नाही. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकेर्कला भेट दिलेला गेंडा १५१५ साली इथे लिस्बनला राजाकडे जहाजाने पाठवला होता, तो हाच म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरून एक मुकं जनावर तेवढ्या लांब, चार महिने समुद्रात. आणि बुरुजावर पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह, ती पाच छोट्या ढाली असलेली मोठी ढाल, ती बघून मी जागच्या जागी थबकले. कारण असंच राजचिन्ह मी लहानपणापासून रेवदंड्याच्या पोर्तुगीज किल्ल्याच्या दरवाजावर बघत आलेय, शाळेत जाता येता. कधी मान वर करून नीट बघितलं नव्हतं. ते बघायला मला लिस्बनला जावं लागलं याचं अजून वाईट वाटतं.

सोमवारी वर्गात बाईंनी ट्रिपवर लिहायला सांगितलं. मी लिहिलं की "शोध" लागले असं स्मारकावर म्हणता, पण चौल बंदर त्याच्या हजार दीड हजार वर्षं आधीपासून चालू होतं, ग्रीक खलाशांना माहिती होतं, आणि वास्को द गामाच्या जवळपास ३० वर्षं आधी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला, त्याचं स्मारक आमच्या रेवदंड्यात आहे. माझं पोर्तुगीज तेव्हा मोडकंतोडकं होतं, क्रियापदं सगळी चुकलेली. बाईंनी चुका लाल पेनाने सुधारल्या आणि तो कागद वर्गात वाचून दाखवला, मग पाऊण तास वर्गात नुसती चर्चा. त्या म्हणाल्या की या शब्दावरून आमच्याकडे पण वाद चालू आहेत. चांगल्या शिक्षिका म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ट्रिपपेक्षा तो पाऊण तास मोलाचा होता.

दुसरी ट्रिप सिंत्रा आणि काबु दा रोका. सुंदर आहे, पण पॅकेजमध्ये अजिबात करू नका. रोसियु स्टेशनवरून सिंत्राला लोकल जाते, ४० मिनिटं लागतात, आणि तुमच्याकडे महिन्याचा नाव्हेगांत मेट्रोपोलितानु पास असला (शिकायला जाणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात काढायलाच हवा, ४० युरो, मेट्रो, ट्राम, बस, फेरी, लोकल सगळं त्यात येतं) तर वेगळं तिकीट पण लागत नाही. म्हणजे शाळेने ज्या प्रवासाचे पैसे घेतले तो प्रवास माझ्या पासमध्ये आधीच भरलेला होता! राजवाड्याच्या दारात एवढी गर्दी की रांगेतच वेळ गेला. काबु दा रोका म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिमेचं शेवटचं टोक, तिथे वारा असा की बोलता येत नाही. कड्यावर उभं राहून खाली अटलांटिक बघताना हरिहरेश्वरची आठवण झाली, प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटा फुटतात ना, तशीच. 

तिसरी ओबिदुश आणि नझारे, एकाच दिवसात दोन्ही. ओबिदुशला तटबंदीच्या आतलं गाव, चॉकलेटच्या कपात चेरीची दारू, दुकानंच दुकानं. मध्येच एका बुचाच्या वस्तूंच्या दुकानात अर्धा पाऊण तास थांबवलं. जगातलं निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमध्ये होतं हे खरं आहे, पण पर्सा बघायला शनिवार घालवायचा नव्हता मला. आणि मग नझारेला हातात उरले दीड तास, त्यातला एक तास जेवणाचा. वर कड्यावर नेलं, जिथून त्या राक्षसी लाटा बघतात, समुद्राच्या तळाशी किनाऱ्याजवळच खोल दरी आहे म्हणून तिथे लाट एवढी उंच होते. त्या दिवशी समुद्र शांत होता. बसमध्ये चढताना मला खाली पुळणीवर लाकडी जाळ्यांवर काहीतरी चंदेरी वाळत घातलेलं दिसलं आणि बस निघाली.

पुढच्या शनिवारी मी एकटी परत गेले. सेत रियुशच्या बस स्टँडवरून सकाळची बस, दोन तास पण लागत नाहीत. सरळ पुळणीवर गेले. सुकी मच्छी! रांगेत लाकडी चौकटी, त्यावर जाळी, जाळीवर मधोमध चिरून पुस्तकासारखे उघडलेले मासे, डोक्यासकट, बांगड्याच्या जवळपासचा मासा, काराप्पाव म्हणतात. शेजारी छत्रीखाली बायका बसलेल्या, पुढ्यात टोपल्या, सात परकर एकावर एक घालायची तिथल्या कोळणींची जुनी पद्धत, त्यातल्या एका म्हातारीने तसाच घोळदार पोशाख केला होता. वास तोच. अगदी तोच, आपल्या कोळीवाड्यात शिरताना येतो तो. तीन महिन्यांत मला घरची एवढी आठवण आली नव्हती.

मी तिच्याकडून पाव किलो घेतले आणि म्हटलं की आमच्या गावाला पण किनाऱ्यावर मासे वाळवतात. तिला वाटलं मी गंमत करतेय. मग विचारायला लागली, कुठला मासा, मीठ किती, ऊन किती दिवस. मी बोंबील सांगायचा प्रयत्न केला. मऊ मासा, पाण्यासारखा, मीठ लावत नाही, बांबूला टांगतो. कसा टांगता म्हणाली. आता दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून आडव्या काठीवर टाकतात हे पोर्तुगीजमध्ये कसं सांगायचं? जबड्याला काय म्हणतात तेच येत नव्हतं. मी दोन्ही हातांचे पंजे जबड्यासारखे उघडले आणि एकमेकांत अडकवून दाखवले. ती दोन सेकंद बघत राहिली आणि मग मोठ्याने म्हणाली, "केइशादा!" आणि पलीकडच्या छत्रीतल्या बाईला हाक मारून मला परत तसं करून दाखवायला लावलं. मग तिने मला तिचे काराप्पाव कसे चिरतात, मिठाच्या पाण्यात किती धुतात, पूर्ण सुकलेला आणि अर्धा सुकलेला यात फरक काय, सगळं सांगितलं, मला निम्मं समजलं, उरलेलं तिच्या हातांवरून समजलं. केइशादा हा शब्द मी जन्मात विसरणार नाही. वहीत त्या दिवशी वाक्यं मोजलीच नाहीत, चार पानं लिहिली. खर्च, जाऊन येऊन बसभाडं, पाव आणि सूप धरून तीस युरोच्या आत.

चौथी एव्होरा, ठीक. हाडांचं चॅपल बघितलं, मला नाही आवडलं, पटकन बाहेर आले.

आता पाचवी, कोइंब्रा. ही ट्रिप मात्र पैसे वसूल, आणि का ते सांगते. गाइड आजारी पडला म्हणून ऐनवेळी आमच्या वर्गावरच्या बाईच आमच्याबरोबर आल्या. बसमध्ये बसल्याबसल्या त्यांनी जाहीर केलं की आज मी इंग्लिश बोलणार नाही. आणि नाही बोलल्या. प्रत्येकाला एकेक काम दिलं, कुणी तिकिटं काढायची, कुणी रस्ता विचारायचा, मला जेवणाचं ठरवायचं होतं, बारा जणांचं, त्यात दोन शाकाहारी. घाम फुटला पण जमलं. विद्यापीठ १२९० सालचं, १५३७ पासून कायमचं कोइंब्रात, मुलं मुली अजूनही काळे झगे घालून फिरतात. तिथल्या जुन्या लायब्ररीत, झुआनिनात, वटवाघळं आहेत! रात्री बाहेर येऊन पुस्तकं खाणारे किडे खातात म्हणून त्यांना राहू देतात, आणि टेबलं खराब होऊ नयेत म्हणून संध्याकाळी त्यांच्यावर चामड्याची आच्छादनं टाकतात. बाईंनी "मुर्सेगु" हा शब्द सांगितला तेव्हा मी म्हटलं आमच्या वाडीत पण खूप आहेत, सुपारीवर येतात, बाबा रोज संध्याकाळी त्यांना शिव्या घालतात. तर बाई म्हणाल्या, बाबांना सांग इथे त्यांना नोकरी आहे. बाबांना ते फोनवर सांगितलं, ते किती वेळ हसत होते.

सहावी ट्रिप सेतुबालच्या बाजूची होती, ती पावसाने रद्द झाली. नोव्हेंबरपासून तिथे धो धो पडतो, हे शाळेला माहीत नसेल असं नाही. पैसे परत मागितले तर म्हणाले अटींमध्ये लिहिलंय की हवामानामुळे रद्द झाली तर परतावा नाही. अटी मी वाचल्या नव्हत्या. तुम्ही वाचा.

भाषेबद्दल दोन गोष्टी, कारण ट्रिपचा उपयोग यावरच आहे. मोबाइल अ‍ॅपवर आपण शिकतो ते बहुतेक ब्राझीलचं पोर्तुगीज असतं, लिस्बनचे लोक स्वर गिळून टाकतात, ओब्रिगादुचं ब्रिगाद् होतं, पहिले पंधरा दिवस काहीच समजत नाही, घाबरू नका. दुसरं, ते नाकातले उच्चार, पाव म्हणजे ब्रेड त्याचा तो "पांव", वर्गातल्या कोरियन आणि जर्मन मुलींना फार जड जायचा. मला गेला नाही. माझं आजोळ मालवणचं, आजी "झालां", "खाल्लां" असं नाकातून बोलायची, तोंडात ते लहानपणापासून बसलेलं. बाईंनी विचारलं कुठे शिकलीस, मी म्हटलं आजीकडे.

आणि सुपरमार्केट. याला कुठलंही पॅकेज नको. पहिल्याच दिवशी भाजीच्या ट्रेवर पाटी, बताता. शेजारी कोव्ह, म्हणजे कोबी. अनानाश. काजु. साबणाच्या रॅकवर साबांव. काउंटरवरची बाई म्हणाली "पगार" कसं करणार, कार्डने का, आणि माझे कान टवकारले, कारण पगार म्हणजे त्यांच्यात पैसे देणं. घरमालकिणीने हातात किल्ली ठेवली आणि म्हणाली शाव्ह, आपली चावी. बादली बाल्द, बिजागरी बिझाग्र, लिलाव लेलांव, नाताळ नाताल. रोज एक दोन सापडायचे. आई दर रविवारी फोनवर विचारायची, आज कुठला आपला शब्द भेटला? हे शब्द आपण चारशे पाचशे वर्षं स्वयंपाकघरात वापरतोय, आणि ज्यांनी आणले त्यांची तटबंदी वाडीच्या कडेला पडकी उभी आहे, वसई १७३९ ला गेली, रेवदंडा १७४० ला. शब्द मात्र राहिले.

परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी कोर्लईला गेले. आमच्याकडून कुंडलिकेचा पूल ओलांडला की आलंच. तिथली ख्रिश्चन वस्ती घरात अजूनही पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलते, नौ लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण मी त्यांच्याशी कायम मराठीतच बोललेले. ह्या वेळी चर्चच्या बाजूला एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांना मी जरा भीतभीतच पोर्तुगीजमध्ये विचारलं, कशा आहात. त्यांनी हात थांबवला, वर बघितलं, आणि त्यांच्या बोलीत काहीतरी भराभर म्हणाल्या. क्रियापद माझ्या ओळखीचं नव्हतं, शेवट वेगळा, वाक्याची चाल तर आपल्या मराठीचीच, क्रियापद शेवटी. पण शब्द कळत होते. मग त्या मराठीत म्हणाल्या, "तू चौलची ना गो? मग हे कुठे शिकलीस?" मी सांगितलं लिस्बनला. म्हणाल्या, "एवढ्या लांब कशाला गेलीस, इथे यायचंस की." तासभर बसले. घरी येऊन त्याच वहीत लिहिलं, लिस्बनची वही संपायला सहा पानं बाकी होती, ती कोर्लईने भरली.

तर पॅकेजचं. सहाही घेऊ नका. विचारा की एकेक ट्रिप सुटी मिळते का, आमच्याकडे ऐनवेळी ५५ युरोला मिळत होती, तशी फक्त कोइंब्रा घ्या, आणि ती पण बरोबर शिक्षक येणार असतील तरच, हे ईमेलवर लिहून घ्या. ट्रिप कुठल्या भाषेत चालणार हे आधी विचारा, आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. बेलें, सिंत्रा, कश्काइश तुमच्या पासवर होतं. काइश दु सोद्रेवरून कासिल्याशची फेरी पण पासवर आहे, दहा मिनिटांची, संध्याकाळी जा, कामावरून घरी जाणारे लोक असतात, मांडव्याच्या बोटीसारखी फुकटची पाखरं मागे येतात, आणि शेजारी कुणीतरी बोलतंच. नझारेला शनिवारी सकाळी जा. मासे वाळवणाऱ्या बायका दुपारच्या जेवणाला छत्र्या मिटतात. आणि रेवदंडा, अलिबाग बाजूचं कुणी जात असेल तर जायच्या आधी मला सांगा, त्या म्हातारीसाठी सुक्या बोंबलांची एक पुडी द्यायचीय, फोटो दाखवून तिला नीट कळलं नव्हतं. नेता येतात की नाही ते मात्र आधी कस्टमच्या नियमात बघून घ्या, नसेल तर आपल्या किनाऱ्यावरच्या काठ्यांवर टांगलेल्या बोंबलांचा व्हिडिओ काढून ठेवलाय मी, तो तरी न्या.